ढळलेल्या माणसांच्या हातची कृपा

ईश्वर माणसाच्या दुर्बलतेतून आणि त्याच्या पूर्वायुष्यातील अपयशातूनही आपले कार्य साधतो, हे विधान ख्रिस्ती धर्मचिंतनात इतके रुळलेले आहे की ते उच्चारणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला त्यातील अडचण सहसा जाणवत नाही. या एका विधानात निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत. आजार, दारिद्र्य, वाणीचे किंवा शरीराचे दौर्बल्य यांसारख्या ज्या उणिवांत माणसाचा स्वतःचा काही दोष नसतो, त्यांतून ईश्वर कार्य करतो, ही पहिली गोष्ट. पूर्वी अपराध केलेल्या पण आता पालटलेल्या माणसाच्या हातून तो कार्य करतो, ही दुसरी. ज्याच्यावर इतरांचा विश्वास सोपवलेला आहे असा अधिकारी त्या विश्वासालाच ढळला, तरी त्याच्या हातून इतरांना मिळणारी कृपा खरीच असते, ही तिसरी. पहिल्या दोन गोष्टी मान्य करताना कोणाला फारसे काही गमवावे लागत नाही. तिसरी मात्र ज्या समाजाला प्रत्यक्ष मान्य किंवा अमान्य करावी लागली, त्याचे शंभराहून अधिक वर्षे दोन तुकडे झाले. या तत्त्वाचा अर्थ आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी त्या भांडणात जितक्या स्पष्ट दिसतात, तितक्या भक्तिपर प्रवचनांत दिसत नाहीत.

पहिल्या प्रकाराचा पाया पौलाच्या पत्रव्यवहारात आहे. करिंथ येथील मंडळीला त्याने इसवी सनाच्या पन्नाशीच्या दशकात जी पत्रे लिहिली, त्यांपैकी दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायात तो आपल्या शरीरातील एका काट्याचा उल्लेख करतो. हा काटा म्हणजे नेमके काय, याचा खुलासा तो करत नाही; नेत्ररोग, अपस्मार, हिवताप अशा अनेक तर्कांवर भाष्यकारांनी पाने खर्ची घातली आहेत. तो काढून टाकावा अशी विनवणी त्याने तीनदा केली, ती मान्य झाली नाही, आणि दैवी सामर्थ्य दुर्बलतेच्याच ठिकाणी पूर्णत्वाला जाते असे उत्तर त्याला मिळाले, इतके तो सांगतो. हा मजकूर सांत्वनासाठी लिहिलेला नाही, तो वादाच्या भरात लिहिलेला आहे. करिंथमध्ये आलेले काही प्रतिस्पर्धी उपदेशक वक्तृत्व, शिफारसपत्रे आणि दिव्य अनुभव यांच्या बळावर पौलाला कमी लेखत होते. समोरासमोर असताना तो दुबळा आणि बोलण्यात सामान्य आहे, असा त्यांचा आक्षेप होता. पौल हा आक्षेप खोडून काढत नाही. तो ते मान्य करतो, आणि संदेश खरा असल्याची खूण सांगणाऱ्याच्या तेजात शोधणेच चूक आहे, असा उलट मुद्दा मांडतो. येथे ज्या दुर्बलतेचा तो अभिमान बाळगतो, तिच्यात पापाचा समावेश नाही. मंडळीचा छळ केल्याचा जो अपराध त्याच्या नावावर होता, त्याविषयी तो अन्यत्र लिहितो तेव्हा त्याचा सूर अभिमानाचा नसून लज्जेचा आहे. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहावे काय, हा प्रश्न रोमकरांस लिहिलेल्या पत्रात तो स्वतःच उपस्थित करतो आणि ठाम नकार देतो. दुर्बलता आणि अपराध यांतील हा भेद पुढील काळातील पुष्कळ धर्मोपदेशकांनी पुसून टाकला, आणि त्याची किंमत वेळोवेळी भलत्यांनाच मोजावी लागली.

अपराधाचे मुख्य उदाहरण पेत्राचे आहे. येशूच्या अटकेच्या रात्री पेत्राने त्याला तीनदा नाकारल्याची हकिगत चारही शुभवर्तमानांत आहे, ही बाब लक्षणीय आहे. कारण ही शुभवर्तमाने लिहिली गेली तेव्हा पेत्र हा मंडळीचा अग्रणी म्हणून मानला जात होता आणि आपल्या अग्रणीची अशी कथा गाळण्याचा मोह कोणत्याही संघटनेला होणे स्वाभाविक होते. पण सामान्यतः दुर्लक्षिला जाणारा भाग त्यानंतरचा आहे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो की अंत्युखिया येथे पेत्र आरंभी परजातीय विश्वासूंबरोबर एका पंक्तीत जेवत असे, परंतु यरुशलेमहून काही मंडळी आल्यावर त्यांच्या धाकाने तो वेगळा बसू लागला, आणि त्याबद्दल पौलाने सर्वांसमक्ष त्याची कानउघाडणी केली. पंक्तिभेदाचा हा प्रसंग मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या माणसाचे अपयश क्षमा होऊन मागे पडले होते, तोच माणूस लोकांच्या भीतीपोटी, म्हणजे पूर्वीच्याच कारणाने, पुन्हा ढळला. पूर्वीचे अपयश हा एक अध्याय असतो, तो संपतो आणि त्यानंतर उपयुक्त जीवन सुरू होते, अशी जी सोपी रचना साक्षीपर लेखनात वारंवार आढळते, तिला पेत्राचे चरित्र आधार देत नाही.

पतिताला तारणारा देव ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. ‘पतितपावन’ हे विठ्ठलाचे विशेषण अभंगवाङ्मयात सर्वत्र भेटते, आणि भागवताच्या सहाव्या स्कंधातील अजामिळाची कथा कीर्तनकारांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली आहे. मात्र अजामिळ तरतो तो स्वतःपुरता. त्याच्याकडून दीक्षा घेतलेल्या कोणाचे काय झाले, हा प्रश्न त्या कथेत उद्भवत नाही, कारण तेथे नामाचे सामर्थ्य आणि भक्ताचे तारण यांच्यामध्ये एखादी अधिकारव्यवस्था उभी नाही. ख्रिस्ती मंडळीत ती होती. बाप्तिस्मा देणारा, प्रभुभोजनाचा विधी चालवणारा, दुसऱ्या अधिकाऱ्याच्या मस्तकावर हात ठेवून त्याला पदाची दीक्षा देणारा बिशप हा साखळीतील दुवा होता. दुवाच निखळला तर पुढच्या साखळीचे काय, हा प्रश्न तेथे टाळता येण्याजोगा नव्हता.

तो प्रश्न छळाच्या काळात निर्माण झाला. सम्राट डेसियसने २५० मध्ये सर्व प्रजाजनांनी देवांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा, असा हुकूम काढला. अशा प्रकारचे चाळीसहून अधिक दाखले इजिप्तच्या वाळूत पपायरसवर लिहिलेल्या स्थितीत सापडले आहेत. अनेक ख्रिस्ती लोकांनी बळी अर्पण केला, अनेकांनी लाच देऊन नुसता दाखला मिळवला. कार्थेजचा बिशप सिप्रियन शहर सोडून लपला आणि त्याबद्दल त्याच्यावर टीकाही झाली. पुढे २५८ मध्ये त्याच शहराजवळ त्याने शिरच्छेद पत्करला. त्याने ढळलेल्यांसाठी प्रायश्चित्ताचा मार्ग आखला, म्हणजे ठरावीक काळ जाहीर पश्चात्ताप करून पुन्हा मंडळीत येण्याची वाट खुली ठेवली. रोममधील नोवाटियनने अशा लोकांना परत घेण्यास साफ नकार देऊन वेगळा गट काढला.

यापुढची कसोटी अधिक अवघड होती. सम्राट डायोक्लेशियनच्या २४ फेब्रुवारी ३०३ रोजी निकोमीडिया येथे लावण्यात आलेल्या पहिल्या आज्ञापत्राने चर्चच्या इमारती पाडण्याचा आणि पवित्र ग्रंथ जप्त करून जाळण्याचा आदेश दिला. उत्तर आफ्रिकेतील सिर्टा, म्हणजे आजच्या अल्जीरियातील कॉन्स्टँटिन, या शहरात १९ मे ३०३ रोजी नगराधिकारी आपल्या लेखनिकांसह चर्चमध्ये आला, त्याची सरकारी नोंद आजही उपलब्ध आहे. जप्तीची यादी तीत तपशीलवार आहे: सोन्याचे दोन प्याले, चांदीचे सहा, दिवे, दीपस्तंभ, गोरगरिबांना वाटण्यासाठी ठेवले असावेत असे बायकांचे ८२ अंगरखे, पुरुषांचे अंगरखे, पादत्राणे. बिशप पॉलस याने विरोध केला नाही. सिल्वानस नावाच्या एका उपसेवकाने एका मोठ्या रांजणामागे सापडल्याचे सांगून चांदीची एक पेटी आणि एक दिवा आणून दिला. ग्रंथ कोठे आहेत असे विचारल्यावर ते वाचकांकडे, म्हणजे उपासनेत शास्त्रपाठ करणाऱ्यांकडे आहेत असे उत्तर मिळाले. पण वाचकांची नावे सांगा म्हटल्यावर दोन उपसेवकांनी, आपण घरभेदी नाही, हवे तर आपल्याला ठार करण्याचा हुकूम द्या, अशा अर्थाचे उत्तर दिले. चर्चची भांडी बाहेर येत असताना मुकाट उभी असलेली माणसेच सहकाऱ्यांची नावे सांगण्याच्या वेळी मरणाला तयार झाली. अर्थात त्यांच्या धैर्याचा उपयोग झाला नाही, कारण ती नावे इतरांनी सांगितली. शूर आणि भेकड अशी माणसांची विभागणी करणाऱ्या कोणत्याही सिद्धान्ताला हा दस्तऐवज अडचणीत टाकतो.

ग्रंथ सोपवणाऱ्यांना लॅटिनमध्ये जे नाव पडले, त्याचा अर्थ ‘हवाली करणारे’ असा होता. छळ थांबल्यावर ३११ च्या सुमारास कार्थेजच्या बिशपपदी सेसिलियनची निवड झाली, आणि त्याला दीक्षा देणाऱ्यांपैकी आप्तुंगाचा फेलिक्स हा ‘हवाली करणारा’ आहे, असा आरोप पुढे आला. नुमिडिया प्रांतातील सुमारे सत्तर बिशपांनी कार्थेजला जमून सेसिलियनची दीक्षा रद्दबातल ठरवली आणि दुसरा बिशप नेमला. त्या दुसऱ्याच्या जागी लवकरच डोनॅटस आला, आणि त्याच्या नावावरून हा पंथ ओळखला जाऊ लागला. पुढे शासकीय चौकशीत फेलिक्स निर्दोष ठरला, इतकेच नव्हे तर त्याच्याविरुद्धच्या पत्रात बनावट मजकूर घुसडल्याची कबुली संबंधिताने दिली. पण तोपर्यंत प्रश्न फेलिक्सपुरता राहिला नव्हता.

डोनॅटसच्या अनुयायांची बाजू मूर्खपणाची नव्हती, हे आधी मान्य केले पाहिजे. ज्याच्याजवळ जे नाही ते तो दुसऱ्याला देऊ शकत नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. पवित्र आत्मा गमावलेला मनुष्य पवित्र आत्म्याचे दान कसे करणार? घेणाऱ्याचे अंतःकरण शुद्ध व्हायचे तर देणाऱ्याचे अंतःकरण शुद्ध हवे, असे त्यांचा विद्वान बिशप पेटिलियन मांडत असे. या भूमिकेमागे रक्तसाक्ष्यांविषयीची, म्हणजे श्रद्धेसाठी मरण पत्करलेल्यांविषयीची निष्ठा होती. शेजारी तुरुंगात मेला, आणि ज्याने ग्रंथ देऊन जीव वाचवला तो आता वेदीपाशी उभा राहून आशीर्वाद देतो, हे दृश्य सहन न होणाऱ्या माणसांचा राग नैतिकदृष्ट्या पोकळ होता असे म्हणता येणार नाही.

त्यांचा घात झाला तो त्यांच्याच कागदपत्रांनी. सिर्टाच्या नोंदीतील तो उपसेवक सिल्वानस पुढे सिर्टाचा बिशप झाला, आणि तोही डोनॅटसच्या, म्हणजे शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्या पक्षाचा. त्याचे स्वतःच्या एका सेवकाशी भांडण होऊन ३२० मध्ये नुमिडियाचा अधिकारी झेनोफिलस याच्यासमोर प्रकरण गेले, तेव्हा ३०३ ची ती नोंद जाहीरपणे वाचली गेली. त्याआधीच, छळ ओसरल्यानंतर सिर्टा येथे भरलेल्या बिशपांच्या एका बैठकीत उपस्थितांनी एकमेकांवर ग्रंथ हवाली केल्याचे आरोप केले होते, आणि प्रकरण हाताबाहेर जाते असे दिसताच अध्यक्ष सेकुंडसने प्रत्येकाचा न्याय देवावर सोपवून विषय मिटवला होता. हाच सेकुंडस नंतर सेसिलियनविरुद्धच्या निवाड्यात प्रमुख होता. शुद्धतेचा दावा करणारे ढोंगी होते एवढाच निष्कर्ष यातून काढणे उथळपणाचे होईल. अधिक महत्त्वाचा निष्कर्ष असा की, ज्या समाजात अपयश कबूल करण्याची काही रीतच नसते, तेथे अपयश नाहीसे होत नाही, ते दप्तरात जाऊन बसते आणि योग्य वेळी शस्त्र म्हणून बाहेर येते.

या वादाला सैद्धान्तिक उत्तर दिले ते हिप्पोच्या बिशपाने, ऑगस्टीनने, आणि तेही जवळजवळ एका शतकानंतर. तागास्ते येथे ३५४ मध्ये जन्मलेल्या या माणसाचे पूर्वायुष्य विरोधकांच्या सोयीचे होते: तो नऊ वर्षे मानी पंथाचा अनुयायी होता, आणि त्याचे तारुण्य कसे गेले हे त्याने स्वतःच ‘कबुलीजबाब’ या ग्रंथात लिहून ठेवले होते. पेटिलियनने नेमक्या याच भूतकाळावर बोट ठेवले. ऑगस्टीनच्या उत्तराची दिशा पाहण्याजोगी आहे. आपला भूतकाळ तितका वाईट नव्हता असे तो म्हणत नाही, आणि आपण आता पालटलो आहोत यावरही तो भर देत नाही. आपण कसे आहोत यावर मंडळीची आशा अवलंबूनच नाही, असे तो सांगतो. ‘कबुलीजबाब’च्या दहाव्या खंडात बिशप झाल्यानंतरच्या स्वतःच्या चालू दुर्बलतांची, म्हणजे खाण्याच्या लालसेपासून स्तुतीच्या हव्यासापर्यंतची, जी तपासणी आहे, ती या भूमिकेशी सुसंगतच आहे.

त्याचा मूळ सिद्धान्त असा की बाप्तिस्मा ज्याच्या हातून होतो त्याचा नसतो, तो ख्रिस्ताचा असतो. पेत्र देवो, पौल देवो वा यहूदा देवो, देणारा ख्रिस्तच. पाणी दगडी पाटातून वाहते तेव्हा पाटात काही उगवत नाही, पण पलीकडच्या बागेला पाणी पोचते, हा दृष्टान्त त्याने योहानाच्या शुभवर्तमानावरील प्रवचनांत योजला आहे. त्याबरोबर त्याने एक व्यवहारी मुद्दाही मांडला. देणाऱ्याच्या अंतःकरणावर सर्व काही अवलंबून असेल, तर घेणाऱ्याला आपण काय घेतले हे कधीच कळणार नाही, कारण दुसऱ्याचे अंतःकरण कोणालाच दिसत नाही. ज्याने सिल्वानसच्या हातून ३२० पूर्वी दीक्षा घेतली, त्या भाविकाचा काय दोष? मंडळी ही पेरलेल्या शेतासारखी असून गहू आणि निदण यांची निवड शेवटच्या कापणीपूर्वी करता येत नाही, ही शुभवर्तमानातील कल्पना त्याने पुनःपुन्हा वापरली. गंमत अशी की मंडळी संमिश्र असते हा विचार त्याच्या आधी टिकोनियस नावाच्या एका डोनॅटपंथीयानेच मांडला होता, आणि त्याबद्दल त्याच्या पंथाने त्याला दूर केले होते.

ऑगस्टीनचा हा युक्तिवाद कोणाच्या बाजूने केलेला आहे, याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. त्याची सारी चिंता घेणाऱ्याची आहे. पाळण्यातून आणलेल्या मुलाची, अक्षरशून्य शेतकऱ्याची, मरणाच्या दारात बाप्तिस्मा मागणाऱ्याची कृपा त्यांच्या बिशपाच्या भेकडपणामुळे बुडू नये, यासाठी हा सिद्धान्त आहे. बिशपाचे पद वाचावे यासाठी तो नाही. याचा पुरावा ऑगस्टीनपूर्वीच्या एका निर्णयात स्पष्ट मिळतो. ३१४ मध्ये गॉलमधील आर्ल येथे भरलेल्या धर्मसभेने या वादासंबंधी जो नियम केला, त्याचे दोन भाग आहेत. पवित्र ग्रंथ, भांडी किंवा बांधवांची नावे सोपवल्याचे ज्या धर्माधिकाऱ्यांच्या बाबतीत सरकारी दप्तरावरून, नुसत्या बोलण्यावरून नव्हे, सिद्ध होईल, त्यांना पदावरून काढावे, हा पहिला भाग. पण त्यांनी ज्यांना दीक्षा दिली ते पात्र असतील तर त्यांच्या दीक्षेला बाध येऊ नये, हा दुसरा. खोटे आरोप करणाऱ्यांनाही याच सभेने कडक शिक्षा सांगितली. ढळलेल्या माणसाच्या हातून ईश्वराने जे केले ते खरे, आणि तो माणूस त्या पदाला अपात्र, ही दोन्ही वाक्ये सभेने एकाच श्वासात उच्चारली आणि त्यांत तिला विसंगती दिसली नाही. क्षमा आणि पुनर्नियुक्ती या एकच गोष्ट आहेत, असे समजण्याची चूक चौथ्या शतकातील या बिशपांनी केली नाही.

ती चूक नंतरच्यांनी केली. २००२ च्या जानेवारीपासून बोस्टनच्या एका दैनिकाने जी वृत्तमालिका छापली, तीतून तेथील कॅथलिक धर्मप्रांताने मुलांवर अत्याचाराचे आरोप असलेल्या धर्मगुरूंना वर्षानुवर्षे एका धर्मग्रामातून दुसऱ्या धर्मग्रामात हलवल्याचे उघड झाले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात तेथील कार्डिनलला पद सोडावे लागले. या व्यवहारामागे कायदेशीर भीती आणि संस्थेची प्रतिष्ठा हीच मुख्य कारणे होती, पण मनुष्य दुर्बल आहे, देव क्षमाशील आहे, या सेवकाला आणखी एक संधी द्यावी, ही भाषाही त्याला लाभलेली होती. आर्लचा नियम येथे बरोबर उलटा झाला: अधिकाऱ्याचे पद वाचले आणि त्याच्या हाती सोपवलेली मुले उघडी पडली. दुर्बलतेतून कार्य करणाऱ्या ईश्वराचा सिद्धान्त कोणी कोणाच्या वतीने वापरतो आहे, हे पाहिल्याशिवाय त्याच्या सत्यासत्यतेबद्दल बोलण्यात अर्थ नाही, असे म्हणावे लागते ते या कारणाने. जखमी झालेल्याला ‘यातूनही देव काही चांगले करील’ असे सांगण्याचा अधिकार जखम करणाऱ्याला नाही, आणि त्याच्या वरिष्ठांना तर मुळीच नाही.

ऑगस्टीनलाही हा सिद्धान्त शेवटपर्यंत पेलला नाही. आरंभी तो सक्तीच्या विरुद्ध होता. वादाने आणि समजुतीने ऐक्य घडावे असे त्याचे मत होते. सम्राट होनोरियसने ४०५ मध्ये डोनॅटपंथीयांविरुद्ध ऐक्याचे आज्ञापत्र काढले, ४११ च्या जूनमध्ये कार्थेजला दोन्ही पक्षांचे मिळून साडेपाचशेहून अधिक बिशप समोरासमोर बसले, सम्राटाचा प्रतिनिधी मार्सेलिनस याने डोनॅटपंथीयांविरुद्ध निकाल दिला, आणि त्यानंतर दंड, मालमत्तेची जप्ती, हद्दपारी यांचा जोर वाढला. ऑगस्टीनने या सक्तीचे समर्थन केले. आपले स्वतःचे गाव कायद्याच्या धाकानेच ऐक्यात आले, हा अनुभव त्याने ४०८ च्या सुमाराच्या एका पत्रात पुरावा म्हणून दिला, आणि मेजवानीच्या दृष्टान्तातील लोकांना आत येण्यास भाग पाडण्याच्या आज्ञेचा आधार घेतला. माणसाचे अंतःकरण दुसऱ्याला दिसत नाही या तत्त्वावर ज्याने आपला सारा वाद उभारला होता, त्यानेच दंडाच्या भीतीने बदललेल्या अंतःकरणांना पुरावा मानले. त्याच्या बचावासाठी डोनॅटपंथीयांतील सशस्त्र टोळ्यांचे अत्याचार पुढे केले जातात, आणि ते अत्याचार खरेही होते. तरी दोष उरतोच, कारण दुर्बलतेचे तत्त्वज्ञान त्याने शासनसत्तेला लावले नाही. धर्माधिकारी ढळतो हे ज्याला इतके नीट ठाऊक होते, त्याने सम्राट आणि त्याचे अंमलदार ढळणार नाहीत असे गृहीत धरले. युरोपात पुढे पाखंड्यांवर खटले चालवणाऱ्यांनी त्याच्या या पत्रांचा भरपूर उपयोग केला.

पाचव्या शतकाच्या आफ्रिकेत हा प्रश्न संपला असता, तर त्याला ऐतिहासिक कुतूहलापलीकडे फारसे महत्त्व राहिले नसते. पण जपानमध्ये तो वेगळ्या रूपाने पुन्हा उभा राहिला, आणि तेथे त्याचे उत्तर विद्वानांनी न देता खेडुतांनी दिले. नागासाकी येथे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रुसावर चढवलेल्या २६ जणांत वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया होता. जेझुइटांबरोबर जपानमध्ये अनेक वर्षे काम करूनही त्यांच्या संघात प्रवेश न मिळाल्याने तो व्यापाराकडे वळला, आणि नंतर मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू झाला. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले. नाकारलेल्या माणसाच्या हातून ईश्वराने केलेल्या कार्याचे हे उदाहरण वसईच्या ख्रिस्ती समाजाला परिचित आहे, आणि ते सुखावणारे आहे, कारण शेवटी हा माणूस ढळला नाही.

ढळलेल्यांची कथा त्यानंतर सुरू होते. १६१४ च्या मिशनऱ्यांच्या हद्दपारीच्या हुकमानंतर, आणि विशेषतः १६२० च्या दशकाच्या अखेरीपासून, नागासाकी परिसरात येशूची किंवा मरियेची प्रतिमा जमिनीवर ठेवून लोकांना तीवर पाय देण्यास लावण्याची प्रथा पडली. या प्रतिमेला ‘फुमिए’ म्हणत. नकार देणाऱ्याला छळ आणि मरण होते. असंख्य लोकांनी पाय दिला, आणि पुढे ही तपासणी वार्षिक झाल्यावर दरवर्षी दिला. मग घरी येऊन ते पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. मूळ पोर्तुगीज शब्दावरून तिला ‘कोंचिरिसान’ असे नाव होते. धर्मगुरू उपलब्ध नसेल तर मनःपूर्वक पश्चात्तापानेही क्षमा मिळते, असे शिकवणारी या नावाची पुस्तिका सतराव्या शतकाच्या आरंभी मिशनऱ्यांनी तयार केली होती, आणि गुप्तपणे श्रद्धा जपणाऱ्या वस्त्यांनी ती नकलून व पाठ करून टिकवली. तेथे बिशप नव्हता, धर्मगुरू नव्हता, प्रभुभोजन नव्हते. बाप्तिस्मा देणारा गावातलाच एखादा मनुष्य असे, आणि त्यानेही प्रतिमेवर पाय दिलेला असे. डोनॅटसच्या निकषाने या साखळीतला एकही दुवा शाबूत नव्हता. तरी १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावचे काही लोक नागासाकीच्या नव्या ओउरा चर्चमध्ये येऊन फ्रेंच धर्मगुरू पतिजाँ याला, आपली श्रद्धा तुमच्यासारखीच आहे, असे सांगू शकले. रक्तसाक्ष्यांनी श्रद्धेला तेज दिले, पण ती दोनशेहून अधिक वर्षे टिकवली ती प्रतिमा तुडवणाऱ्यांनी. हे विधान रक्तसाक्ष्यांच्या भक्तांना रुचणारे नाही, परंतु इतिहास तसाच आहे. त्यानंतर १८६८ पासून उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना देशाच्या निरनिराळ्या भागांत हद्दपार करण्यात आले. त्यांतले कित्येक छळात मेले, कित्येक पुन्हा ढळले, आणि ढळलेल्यांपैकी बरेचजण परत आल्यावर पुन्हा मंडळीत सामील झाले.

या उदाहरणातही आर्लचे दोन भाग दिसतात. पाय देणाऱ्यांनी पाय देणे हे बरोबर होते असे म्हटले नाही. तसे ते म्हणाले असते तर पश्चात्तापाच्या प्रार्थनेची गरजच उरली नसती. त्यांनी अपयशाला अपयश म्हटले, दरवर्षी म्हटले, आणि त्यापुढे मुलाला बाप्तिस्मा दिला. त्यांच्या अपयशाची किंमत मुख्यतः त्यांनी स्वतःच, लज्जेच्या रूपाने, मोजली. बोस्टनमध्ये जे घडले त्याहून हे गुणात्मकदृष्ट्या वेगळे आहे, आणि दोहोंना ‘मानवी दुर्बलता’ या एकाच सदराखाली घालणारे धर्मचिंतन आळशी आहे.

मात्र या कथेचा शेवट इतका समाधानकारक ठेवता येत नाही, कारण त्याच इतिहासात क्रिस्तोव्हाव फेरेइरा आहे. जपानमधील जेझुइटांचा हा पोर्तुगीज प्रमुख ऑक्टोबर १६३३ मध्ये खड्ड्यात उलटे टांगण्याच्या छळाखाली काही तासांत ढळला. त्याच छळात त्याच्याबरोबर असलेला नाकाउरा जुलियन, जो कोवळ्या वयात जपानी शिष्टमंडळातून गोव्यामार्गे रोमला जाऊन आला होता, तो न ढळता मेला. फेरेइराने सावानो चुआन हे नाव घेतले, ख्रिस्ती धर्माविरुद्ध पुस्तक लिहिले, पकडलेल्या धर्मगुरूंच्या चौकशीत दुभाष्याचे काम केले, आणि जेझुइट संघाने त्याला काढून टाकले. शूसाकु एंदो या कॅथलिक कादंबरीकाराने १९६६ च्या ‘मौन’ या कादंबरीत त्याला मध्यवर्ती स्थान दिले, तेव्हापासून त्याच्या अपयशात काहीतरी गूढ दैवी हेतू शोधण्याची पद्धत पडली आहे. कादंबरीकाराला तो अधिकार आहे. धर्मचिंतकाला तो इतक्या सहजी मिळत नाही, कारण ज्या अपयशातून पुढे काही फळ आलेले दिसते, त्याच्याविषयीच ‘ईश्वराने यातून कार्य केले’ असे मागे वळून म्हणता येते. पेत्राच्या, ऑगस्टीनच्या, उराकामीच्या बाबतीत ते दिसते. फेरेइराच्या बाबतीत ते दिसत नाही. अखेरीस त्याने पुन्हा श्रद्धा स्वीकारून मरण पत्करले अशा वार्ता युरोपात पसरल्या होत्या, पण त्यांना भक्कम आधार नाही. तो १६५० मध्ये नागासाकी येथे मरण पावला. ज्या धर्मचिंतनाला प्रत्येक अपयशाचा उपयोग सांगता येतो, त्याने या माणसाची कहाणी वाचून काही काळ तरी उपयोग सांगणे थांबवावे.